लिंबू काढलेली सुरी

गावात काही मोजायचं निघालं की शाळेतल्या मास्तराला बोलावतात. माणसं, म्हशी, मतदार, संडास, सगळं मी मोजलेलं आहे. गेल्या वर्षी तुळशीचं लग्न लागायच्या आधी मला चाकू मोजायला बसवलं.

त्याचं झालं असं. शेजारच्या गावात एका वाढदिवसाला तलवारीनं केक कापला. व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर आला, आम्हीही पाहिला, हसलो. पंधरा दिवसांनी त्याच घोळक्यातल्या एकानं दुसऱ्याच्या पोटात चाकू घातला. कारण काय, तर गाडीला कट मारला. ज्याला लागलं तो महिनाभर नांदेडला दवाखान्यात राहून वाचला. मारणारा आत गेला. त्याची आई आमच्या गावची माहेरवाशीण. ती भावाकडं येऊन राहिली आणि दिवसभर ओट्यावर बसून कुणाशी बोलेना. तिच्याकडं बघून बघून आमच्या बचत गटाच्या अध्यक्षबाई एक दिवस चार बायका घेऊन पोलीस ठाण्यात गेल्या.

"साहेब, तुमी झडती घ्याल तर पोरं शेतात पुरून येतील. आमच्या हातानं गोळा करू द्या. नाव विचारायचं न्हाई, केस करायची न्हाई."

साहेब तयार झाले. सोबत एक जमादार दिला.

ग्रामपंचायतीसमोर पाण्याचा निळा ड्रम ठेवला, झाकणाला मोठं भोक पाडलं. शेजारी टेबल, टेबलावर वही, वहीमागं मी. नाव लिहायचं नाही, फक्त वस्तू लिहायची.

पहिला तासभर गंमतच चालली. एक बाई विळी घेऊन आली. जमादार म्हणाला, "बाई, ही काहून आणली? संध्याकाळी भाजी दातानं चिरता का?"

"माझ्या घरात धारेचं एवढंच हाय. रिकाम्या हातानं आले तर म्हणतील, हिच्याकडं लपवलेलं हाय."

मागून एक म्हातारी म्हणाली, "माझ्या सुनेची जीभ घेता का ड्रमात?" सून तिथंच उभी. ती म्हणाली, "मामी, आधी तुमची घाला. जागा उरली तर माझी घालते." बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

मग हळूहळू खरा माल यायला लागला आणि हसणं कमी झालं. मोबाइलवरून मागवलेले, बटण दाबलं की पातं बाहेर येणारे चाकू. पोरं स्वतः आली नाहीत, आया आल्या. काही पात्यांवरचं पातळ प्लास्टिकसुद्धा अजून निघालेलं नव्हतं. एकीनं उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला चाकू टेबलावर ठेवला. म्हणाली, "रोज उशाखाली घेऊन झोपतंय. लेकराला कुणाचं भ्याव हाय तेच मला ठावं न्हाई, सर." मी लिहिलं, चाकू, घडीचा, एक.

माझ्या पायाशी कापडी पिशवी होती. पिशवीत पेपरात गुंडाळलेली एक सुरी. सकाळी सगळ्यांच्या आधी ती ड्रमात टाकायची असं ठरवून आलो होतो. टाकली नाही. दुपार झाली तरी ती पायाशीच होती.

आमच्या वेळी चाकू नव्हते असं नाही. हिंगोलीला कॉलेजात होतो तेव्हा माझ्या खिशात घडीचा चाकू असायचा. काकडी, टरबूज, पोत्याची सुतळी, कशालाही लागायचा, आणि त्याचं कुणाला काही वाटायचं नाही. पण तो फक्त काकडीसाठी होता असं म्हणालो तर ते खोटं होईल. फाट्यावर बसमधून उतरून गावापर्यंत चालताना मी खिशात त्याच्यावर बोट ठेवून चालायचो. अंगानं मी किरकोळ. मला कधी कुणी भ्यालेलं नाही, नोकरी लागल्यावर वर्गातली मुलंसुद्धा नाही. खिशात चाकू असला की दोन बोटं उंच झाल्यासारखं वाटायचं. त्या अभ्र्यातल्या चाकूकडं बघताना मला त्या पोराचं भय कळत होतं. त्याच्या आईला ते मी सांगितलं नाही.

पिशवीतली सुरी मात्र वेगळी. आमच्याकडं नवरदेवाला हळद लागली की त्याच्या हातात सुरी देतात, टोकाला लिंबू टोचलेली. नजर लागू नये म्हणून. लग्न लागेपर्यंत ती त्याच्याजवळच राहते. झोपताना उशाशी. भुईवर मात्र ठेवायची नाही. नवरदेवाला दोन्ही हात मोकळे हवे असतील तर तेवढ्यापुरती घरातल्या कुणीतरी धरायची, करवल्यानं नाहीतर भावानं. आमच्या गल्लीतल्या सगळ्या नवरदेवांना ही सुरी आमच्या घरातून जायची. वीतभर पातं, पितळी मूठ. इतकी बोथट की लिंबाला आधी दाभणानं भोक पाडावं लागे. लहानपणी आम्ही सगळे ती पात्याकडून मुठीत धरून एकमेकांच्या हातातून ओढायचो. कुणाला कधी ओरखडा गेला नाही.

नऊ वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. मुलगी हट्टा गावची. भाऊ पाण्याच्या मोटारी भरायचा, म्हणजे जळालेल्या मोटारीत तांब्याच्या तारेचे नवे वेढे घालायचा. शांत, कामाचा पोरगा. लग्नाला आठ दिवस असताना मी ती सुरी घेऊन जवळा बाजार या गावी गेलो. बाजारात चाकावर धार लावणारा बसतो, त्याला म्हणालो, दोन्ही बाजूंनी लावा.

तो म्हणाला, "सर, ही तर लग्नाची दिसती. हिला काहून धार?"

"लिंबू जात नाही," मी म्हणालो.

नंतर स्वतःलाही मी हेच सांगत आलो. खरं एवढंच की मला ती धारेची हवी होती. घरात एक वस्तू आहे, ती काय करू शकते हे फक्त मला माहीत आहे, यात मला सुख वाटलं. मी कुणालाही सांगितलं नाही. हळदीच्या दिवशी मायनं लिंबू टोचलं आणि म्हणाली, "यंदा कसं झटकन गेलं."

दुपार कलली होती. नवरदेवाला मारुतीच्या दर्शनाला नेत होते. पुढं डीजे. मित्रांनी भावाला खांद्यावर उचललं, तेव्हा त्यानं खाली वाकून सुरी माझ्याकडं दिली. मी ती छातीशी धरून गर्दीत उभा राहिलो. माझ्या अंगात नवी सफारी होती, आमच्याच गल्लीतल्या टेलरनं शिवलेली. हा टेलर माझ्यापेक्षा थोडा मोठा. हसरा माणूस, कुणाचीही टिंगल करणारा, पण मनात काही न ठेवणारा. तो नाचत नाचत माझ्यासमोर आला.

"सर, सुरी जरा नीट धरा. खडू न्हाई तो."

भोवतीचे हसले. त्याला चेव आला. "बरं झालं लिंबू लावलंय. न्हाईतर सर सोतालाच टोचून घेतील."

कुणीतरी म्हणालं, "सरला भेऊन तरी ऱ्हावा."

"सरला? वर्गातली लेकरं भेत न्हाईत, अन मी भेऊ?"

एवढंच बोलणं झालं. रोज गल्लीत होतं तसलं. मी लिंबू ओढून काढलं, खिशात घातलं आणि सुरीचं टोक त्याच्या छातीवर रोखलं. म्हणालो, "आता?"

तो आणखी हसला. त्यानं पातं मुठीत धरलं, लहानपणी आम्ही धरायचो तसंच. "द्या इकडं, तुमाला न्हाई जमायचं."

मी ओढली.

ढकलाढकलीत ओढली गेली, असं मी पुष्कळदा स्वतःला सांगून पाहिलं. तसं झालं नाही. त्याची मूठ पात्यावर आवळलेली आहे, पात्याला धार आहे, आणि त्याला ते माहीत नाही, एवढं लक्षात यायला जेवढा वेळ लागतो तेवढा मला मिळाला होता. त्यानंतर मी ओढली.

त्याच्या हाताला हळद लागलेली असल्यामुळं आधी कुणाला रक्त कळलंच नाही. गाणं चालूच होतं. तो हाताकडं बघत खाली बसला. मित्रांनी गोंधळून भावाला खांद्यावरून उतरवलं. उतरल्या उतरल्या भावानं, आपल्याला शिकवलं होतं तसा, सुरीसाठी हात पुढं केला. मी ती त्याच्या हातात दिली. म्हणालो, "धर. खाली ठेवू नको." डीजे थांबला तेव्हा सगळ्या गावाला ओली सुरी नवरदेवाच्या हातात दिसली.

मायनं मात्र माझ्या सफारीच्या खिशाकडं पाहिलं. लिंबू चेंगरून तिथं ओल आली होती. टेलरला जीपमध्ये घालून नेल्यावर तिनं आम्हा दोघांना आतल्या खोलीत घेतलं आणि कडी लावली. मला काही विचारलं नाही. धाकट्याला म्हणाली, "तुझ्या दादाची सरकारी नोकरी हाय. केस झाली तर घरी बसंल. तुझं काय, तू कुटंबी पाना धरून पोट भरशील. नाचताना हात घसरला म्हण."

भाऊ माझ्याकडं बघत उभा राहिला. अंगावर हळद, गळ्यात उपरणं. मी काही बोलतो का याची तो वाट बघत होता हे मला कळत होतं. बऱ्याच वेळानं तो मायला म्हणाला, "व्हय."

माय त्याच संध्याकाळी दवाखान्यात गेली आणि टेलरच्या पायाशी पदर पसरला. पोलीस लिहून घ्यायला आले तेव्हा त्यानं सांगितलं, गर्दीत लागलं, नवरदेवाच्या हातातली होती, कुणाविरुद्ध तक्रार नाही. भोवती हसलेले दोघं-तिघं होते, तेही त्याच्यामागून तेच म्हणाले. सुरी कुणी मागितली नाही. मायनं ती पुसून माळ्यावरच्या पेटीत ठेवली. सकाळी हट्ट्याहून निरोप आला, हळदीत रक्त सांडलं, आमी पोरगी देत न्हाई. मांडव दुपारी सोडला. वाढपाची भांडी घासलेली होती ती तशीच परत गेली.

टेलरच्या हाताची शीर जोडली, पण अंगठा वळेना तो वळलाच नाही. कात्री अंगठ्यावर चालते. तेव्हापासून कापड त्याची बायको कापते आणि तो नुसता मशीनवर बसतो. भावाला गावात 'सुरीवाला' म्हणू लागले. दोन-तीन स्थळं आली, चौकशी झाली की परत गेली. मग तो हिंगोलीला गेला. तिथं दुकानात काम करायचा, दुकानामागच्या खोलीत राहायचा. सणाला यायचा, माझ्या बायकोच्या हातचं जेवायचा, आणि जायचा. तो मला कधी टोचून बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं, असं मी म्हणायचो, तेही मनातल्या मनात.

दोन वर्षांपूर्वी माय गेली. वाटलं, आता सांगता येईल. सांगितलं नाही. नोकरी होतीच अजून.

ड्रम ठेवायच्या आठवडाभर आधी भावाचा फोन आला. आवाज वेगळाच होता. आखाडा बाळापूरकडचं स्थळ, मुलगी तेहतीस वर्षांची, अंगणवाडीत काम करणारी. दोघं दोनदा भेटले होते.

"दादा, पसंती झाली. आता तिचे मामा गावात चौकशीला येतील. मी तिला सांगितलंय, नाचताना हात घसरला होता म्हणून. तिला पटलंय. येऊ दे त्यांना, विचारू दे."

"हो," मी म्हणालो. त्याला छत्तिसावं लागलं होतं. आता मोडलं तर पुन्हा जमायचं नाही, हे त्यानं म्हणायची गरज नव्हती.

तर त्या दुपारी मी वहीमागं बसलेला असताना समोर मोटारसायकल थांबली. दोघं उतरले. एकाच्या डोक्याला पांढरी टोपी, साठीचा माणूस. त्यांनी चहाच्या टपरीवर काहीतरी विचारलं. टपरीवाल्यानं टेलरच्या दुकानाकडं बोट केलं. दुकान ग्रामपंचायतीच्या अगदी समोर. दोघं तिथल्या बाकड्यावर बसले. टेलरच्या बायकोनं पाणी दिलं. टेलर उजवा हात पुढं करून काहीतरी सांगत होता, आणि टोपीवाले मामा त्या हाताकडं बघत होते.

"सर," अध्यक्षबाई म्हणाल्या, "सगळ्या गावाचं लिहिलं. तुमची पिशवी सकाळपासून कशाची राखण करून राहिली?"

मी सुरी काढून टेबलावर ठेवली. बाईंनी लगेच ओळखली. "अगं बाई, ही तर लग्नाची. ही काहून देता? धाकट्याचं जमून राहिलं म्हणे."

जमादारानं ती उचलली, अंगठा अलगद फिरवला. "हिला तर चांगली धार हाय."

"न्हाई हो," बाई म्हणाल्या, "ही बोथट हाय. माझ्या दिराच्या लग्नात मीच दाभणानं भोक पाडून लिंबू लावलं. टेलरला लागलं ते गर्दीच्या रेट्यानं."

जमादारानं पेपराचा कागद धरला आणि त्यावरून सुरी फिरवली. कागदाचे दोन तुकडे झाले. बाई आधी तुकड्यांकडं बघत राहिल्या, मग माझ्याकडं.

"मी लावली धार," मी म्हणालो, आणि उठून रस्ता ओलांडून टेलरच्या दुकानात गेलो.

तिथं मी जे बोललो ते पाठ केल्यासारखं होतं, आणि नऊ वर्षं मी ते पाठ केलेलंच होतं. मामा, सुरी माझ्या हातात होती. धार मी लावली होती. लिंबू मी काढलं. ओढलीही मीच. माझी नोकरी जाऊ नये म्हणून भावानं अंगावर घेतलं. त्याचा काही दोष नाही.

टेलरच्या बायकोची कात्री थांबली. मामांनी हातातला पेला बाकड्यावर ठेवला.

"म्हंजी नवरदेवाच्या हातात न्हवतीच?"

"नाही."

"आमच्या पोरीला तर त्यानं सांगितलं, हात घसरला."

मामा टेलरकडं वळले. "अन तुमीबी आता तेच सांगितलं." टेलर खाली बघत होता. मामांनी उठून टोपी सारखी केली. मला म्हणाले, "सर, तुमी लेकरायला शिकवता न्हवं?"

"हो."

"बरं," म्हणाले, आणि गेले.

मोटारसायकल वळणाआड गेल्यावर टेलर म्हणाला, "सर, काय केलं हे? मी त्यांना सांगून राहिलो होतो, पोरगा सोनं हाय, गर्दीत कुणाचाबी हात घसरतो. त्यांना बराबर पटलं होतं. तारखेचं बोलून राहिले होते."

मी म्हणालो, "तुमची माफी मागायची होती."

"माझा अंगठा माफीनं वळत असंल तर मागा. आधी भावाला फोन लावा. मामांचा जायच्या आत."

मी लावला. व्यस्त लागला. पुन्हा लावला, पुन्हा व्यस्त.

तीन दिवसांनी निरोप आला. पोरगा चांगला हाय, पण अख्खं घर एक होऊन नऊ वर्षं खोटं बोललं, आणि त्यानं आमच्या पोरीशी बोललेली पहिलीच मोठी गोष्ट खोटी निघाली. अशा घरात कशी द्यावी.

भाऊ पुढच्या रविवारी आला. घरात आला नाही, ओट्यावर बसला. बायकोनं चहा आणला तो त्यानं बाजूला ठेवला.

"माझा नंबर होता तुझ्याकडं," तो म्हणाला. "एकदा विचारायचं. मी तिला कधी ना कधी सांगणारच होतो, माझ्या तोंडानं. सांगायला माणूस तरी मिळालं होतं."

मी म्हणालो, "तुझ्यावरचा डाग जावा म्हणून..."

"न्हाई दादा. नऊ वर्षं तोंड बंद ठेवलंस ते तुझ्यासाठी. उघडलंस तेबी तुझ्यासाठीच. तुला हलकं व्हायचं होतं. झालास का?"

"नाही."

"मग फुकटच गेलं," तो म्हणाला आणि चप्पल घालून निघाला.

ड्रम तर गोळा केल्याच्या दुसऱ्याच दिवशी टेम्पोत घालून ठाण्यात नेला होता. सुरी त्यातच गेली. या लग्नसराईत आमच्या गल्लीतले नवरदेव सुताराकडून करून घेतलेली लाकडी सुरी धरतात. बायकांनी तसं ठरवलं. कुरिअरवाला आला की पुडकं आया आधी फोडून बघतात. काही पोरांनी पुन्हा मागवले असतील, पण आता कुणी सदरा वर करून कमरेचा चाकू दाखवत नाही. दाखवलं तर हसं होतं. एवढं बदललं. मी एक अर्ज लिहून ठाण्यात गेलो होतो, सगळं खरं मांडून. त्याच जमादारानं वाचला. म्हणाला, "सर, ज्याला लागलं तोच तक्रार नाही म्हणतो, तर मिटलेलं काहून उकरता?" अर्ज परत दिला. नोकरी आहे. मुलं समोर बसतात, मी फळ्यावर लिहितो. गावात कुणी मला काही म्हणत नाही. बोलता बोलता थांबतात एवढंच.

रविवारी मी हिंगोलीला जातो. भाऊ दुकानात मोटार भरत असतो. मला बघून प्लास्टिकची खुर्ची पायानं पुढं सरकवतो. तारेचे वेढे मोजून घालावे लागतात. एक चुकला तरी मोटार तापून जळते. त्याचे ओठ हलत असतात, चाळीस, एकेचाळीस, बेचाळीस. मधे बोललं तर मोजणी जाईल म्हणून मी बोलत नाही. एक गुंडाळी पूर्ण होते, तो दोरा बांधतो, तोडतो. तेवढ्या वेळात मी तोंड उघडायला बघतो. तो दुसरी तार घेतो आणि पुन्हा एकपासून सुरू करतो.